चाळा, एकवचनी

अकोला, ११ डिसेंबर २०२४

केशवराव भोपळे यांना वामन पेंटरचा रामराम.

रविवारी आमचा चंदन तुमच्या भाचीला, प्रणालीला पाहायला अमरावतीला आला होता, त्याच्यासोबत मीही होतो. मी त्याचा आजोबा. पांढरी टोपी, जाड भिंगाचा चष्मा, सोफ्याच्या कडेला बसलो होतो तोच. तुमच्या घरात लिहिण्या-वाचण्याचं सगळं मुलीचे मामा पाहतात असं कळलं, म्हणून पत्र तुम्हाला.

सोळरीक जुळवायची तर मोकळं बोलावं असा माझा स्वभाव आहे. पोहे उत्तम होते. बसायची सोळ चांगली होती. मुलगी गरीब गाळ आहे. पण खरं सांगू काळ? मी दोन तास फक्त तिचे चाळे पाहत होतो. पोह्यांकडेही लक्ष गेलं नाही. एवढं वय झालं, अकोल्याच्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या या हातांनी रंगवल्या, पण असे चाळे आजवर कुठल्याही मुलीचे पाहिले नाहीत. घरी आल्यावर सुनेला सांगितलं, तर सीमाही थक्क झाली.

चंदन बियाण्याच्या कामासाठी पंधरा-वीस दिवस धारणीकडे गेला आहे. तिकडे रेंज नसते. मलाही फोन करू नका, फोनचं आणि माझं जमत नाही. माझं मत वर लिहिलं आहे. त्यावरून पुढचं समजून घ्या.

आपला,
वामन निमकर्डे (पेंटर)

अमरावती, १६ डिसेंबर २०२४

श्री. वामनराव निमकर्डे यांस केशव भोपळे याचा नमस्कार.

आपलं पत्र तांबड्या शाईने तपासून सोबत परत पाठवत आहे. एकतीस वर्षं मी एका दैनिकात प्रुफं तपासली. निवृत्त झालो तरी हात गप्प बसत नाही. ‘सोयरीक’मध्ये य असतो. ‘सोय’मध्येही असतो. मुलगी गरीब गाय असते, गरीब गाळ तळ्यात असतो. ‘सांगू काळ’ वाचून तर माझी बहीण शकुन, म्हणजे प्रणालीची आई, दचकलीच. शिवाय पोह्यांकडे लक्षच गेलं नाही तर ते उत्तम होते हे आपल्याला कसं कळलं, हाही प्रश्न आहेच.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. ‘चाळे’ मात्र सोडवत नाही.

आपण पाट्या रंगवल्यात, मी शब्द तपासले, म्हणून सांगतो. चाळा हा शब्द ‘चल्’पासून आला. चल् म्हणजे हलणं. हात, पाय, बोटं मनाला न विचारता हलत राहिली की तो चाळा. कोणी मिशी पिळतो, कोणी किल्ली फिरवतो, आमचे चंद्रभान भाऊजी म्हणजे प्रणालीचे वडील शर्टाचं वरचं बटण सारखं लावतात आणि काढतात. चाळ्याने कोणाचं बिघडत नाही. पण त्याच शब्दाचा काना काढून मात्रा दिली, अनेकवचन केलं, की अब्रूवर येतं. चाळे म्हणजे थेर. फरक एका मात्रेचा आहे, वामनराव, आणि ती मात्रा आपण आमच्या पोरीच्या डोक्यावर ठेवली.

होय, प्रणालीला चाळा आहे. कानावर पडलेला प्रत्येक शब्द ती बोटाने लिहिते. मांडीवर, टेबलावर, सोफ्याच्या हातावर, जिथे जागा मिळेल तिथे. तो चाळा माझा. लहानपणी शाळा सुटली की ती माझ्या टेबलाशी येऊन बसायची. मी शब्द बोलायचा, तिने बोटाने टेबलावर लिहायचा. चुकला तर मी फडक्याने टेबल पुसायचो, जणू खरंच काही लिहिलं आहे. मुलीला करमावं म्हणून काढलेला तो खेळ होता. ती आता क्लासमध्ये मोठ्या मुलांना मराठी व्याकरण शिकवते, पण बोट काही थांबलं नाही. गेल्या वर्षी नांदगाव खंडेश्वरचं चांगलं स्थळ त्यापायी गेलं. मुलाच्या आत्याने सर्वांसमोर विचारलं, “पोरगी काई मंत्र घालून राह्यली का?” म्हणून या वेळी मी तिच्या हातात रुमाल दिला होता, बोटं गुंतवून ठेव म्हणून. तो दहा मिनिटांत खाली पडला.

तऱ्हा प्रत्येकाच्या असतात. मी आपल्याला “पाणी आणू का?” असं विचारलं. आपण हसून म्हणालात, “चौदा वर्षं झाली.” आम्ही त्यावर काही पत्र लिहिलं का?

प्रणालीने आपलं पत्र वाचलं आहे. मुलगा तिला आवडला होता असं शकुनचं म्हणणं, पण आता त्याला अर्थ नाही. आमच्याकडून हा विषय संपला. जाताना आपल्या नातवाने माझी एक चप्पल नेली आहे आणि स्वतःची एक ठेवली आहे. ती तेवढी पाठवून द्यावी.

केशव भोपळे

अकोला, २१ डिसेंबर २०२४

केशवरावांना रामराम.

पत्र उघडलं आणि ती तांबडी शाई पाहून पाळाखालची जमीन सरकली. अहो, तो होकार होता! ‘असे चाळे आजवर पाहिले नाहीत’ हा होकार नाही तर आणखी काय असतो? नकार द्यायला कोणी आठ आण्याचं कार्ड घालवत नाही, मी तर पाच रुपयांचं पाकीट घेतलं.

पहिले त्या ‘ळ’चं सांगतो. आमच्या वऱ्हाडात तोंडातून ळ निघत नाही, तुम्हाला माहीतच आहे. शाळेला शाया, डोळ्याला डोया, केळीला केयी. मी बोलतो तसं लिहायचो आणि गुरुजी प्रत्येक य ला एक छडी द्यायचे. तेव्हापासून य लिहायची वेळ आली की मला घाम फुटतो, आणि मी ळ लावून मोकळा होतो. एका रसवंतीची पाटी रंगवली होती, ‘ताजा रस, बसायची सोळ’. अकरा वर्षं टांगलेली होती. एकाही माणसाने रस प्यायचं सोडलं नाही.

आता ती मात्रा. ती मी आदराने दिली. वडील आले, गुरुजी आले म्हणतो की नाही? घरात लक्ष्मी यायची आणि तिच्या गोष्टीला एकेरीत ‘चाळा’ म्हणायचं बरं दिसलं नाही. म्हणून मी चाळे लिहिलं. आदरार्थी.

पुढचं मी कोणाला सांगत नाही, पण तुमचा राग पाहून सांगावं लागतं. सहा वर्षं झाली, मला ऐकू येत नाही. पहिले डावा कान गेला, मग उजवा. मशीन घातलं तर त्याची शिट्टी वाजते आणि शेजारचा माणूस कुकर पाहायला उठतो. म्हणून चार माणसांत मी नुसता हसत बसतो. सगळे हसले की हसायचं, सगळे गंभीर झाले की टोपी नीट करायची. तुमच्याकडे कोणीतरी माझ्या धंद्याचं विचारेल म्हणून उत्तर घरूनच पाठ करून आणलं होतं, ‘बंद करून चौदा वर्षं झाली.’ तुम्ही पाणी विचारलं त्याला मी काय करू!

मग तो रुमाल पडला. माझ्या अगदी शेजारी, सोफ्याच्या लाकडी हातावर पोरीचं बोट चालू झालं. केशवराव, पन्नास वर्षं मी अक्षरं काढली. अक्षर कुठून सुरू होतं, कुठे वळतं, ते मला रंगाशिवायही दिसतं. पहिला शब्द वाचला, ‘अकोल्याला’. मग ‘थंडी’. मग ‘कशी आहे’. मान वर केली तर तुमचे भाऊजी तोंड हलवत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांनी मी माणसांत बसलो होतो.

मग मी सगळंच वाचलं. शकुनबाई आतून म्हणाल्या, “पोहे सरले, आता चिवडा काढ,” ते वाचलं. तुम्ही भाऊजींच्या कानात म्हणालात, “म्हातारा भारी तऱ्हेवाईक दिसते,” तेही वाचलं. राग नाही. उलट तिथेच मला ‘ऱ्ह’ सापडला. जन्मभर मी ह च्या डोक्यावर रफार देऊन ‘वर्हाड’ रंगवत आलो आणि काहीतरी चुकतं आहे एवढंच कळायचं. पोरीने ह च्या आधी पापणीएवढी बारीक रेघ ओढली आणि मला वाटलं, अरे, एवढंच होतं! ते पाहून मी मोठ्याने हसलो. तेव्हा कोणीच हसत नव्हतं, म्हणून तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतं.

तुम्ही चाळा ‘चल्’पासून आला म्हणता. असेल. मला विचाराल तर तो चाळणीपासून आला. तेवढ्या गलक्यातून तिने एकेक शब्द चाळला आणि माझ्यापुढे ठेवला.

विषय संपला असं पुन्हा लिहू नका. तुमची चप्पल इथे नाही, चंदन ती घालूनच धारणीला गेला.

वामन पेंटर

अमरावती, २७ डिसेंबर २०२४

वामनराव,

हे पत्र तांबडी शाई कपाटात ठेवून लिहीत आहे. मी चुकलो. आपलं पत्र वाचून शकुन आधी हसली, मग रडली, आणि मग पोहे कमी पडल्याची गोष्ट चंद्रभान भाऊजींना सांगू नका म्हणाली.

कोश काढून पाहिला. चाळणी ‘चालन’वरून आली आणि चालनही ‘चल्’चंच. म्हणजे आपण म्हणता ते आणि मी म्हणतो ते एकाच घरचं निघालं. आदरार्थी अनेकवचन मात्र माणसाला देतात, चाळ्याला देत नाहीत. एवढा मुद्दा मी सोडणार नाही.

आता जे लिहायचं ते जड जातं आहे. प्रणालीने बोट थांबवलं आहे. आपलं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी रागात तिला म्हणालो, “पायलं? या बोटापायी दुसरं स्थळ गेलं.” हे मी बोललो, वामनराव, आपण नव्हे. त्या दिवसापासून ती हाताची मूठ वळून बसते. कोणी बोलू लागलं की दोन्ही हात पाठीमागे. इतकी वर्षं मी तो चाळा सुटावा म्हणून नवस बोलायचा बाकी होतो. आता तो सुटला आहे आणि घरात करमत नाही. ती बोलतेही कमी. लिहीत होती तेव्हा ऐकत होती, हे मला आता कळतं आहे.

आपलं दुसरं पत्र तिला दिलं. वाचून घडी घातली आणि म्हणाली, “मामा, माह्यं मन राखाले लिवलं त्याइनं. आता मले लग्नच नाई करायचं.” मी जन्मभर लोकांच्या चुका खोडल्या आणि त्याच नादात या पोरीचं बरोबर असलेलं खोडून बसलो. माझ्या सांगण्यावर तिचा आता भरवसा नाही. तिला आपणच लिहा. शुद्ध लिहायची गरज नाही.

आपला,
केशव

अकोला, १ जानेवारी २०२५

प्रणाली बेटा,

मन राखायला लिहिणारा माणूस मी नाही. माझ्या पाट्यांनी कोणाचं मन राखलं नाही, तुझ्या मामाला विचार. पण तुझा विश्वास बसायला पुरावा देण्याशिवाय दुसरा उपाळ नाही, म्हणून देतो. ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. चंदनला नाही, तुझ्या मामाला तर नाहीच.

त्या दिवशी आम्ही निघायला उठलो. चंदन दारात चपला शोधत होता. घाबरून त्याने एक पाय स्वतःच्या चपलेत घातला आणि एक तुझ्या मामाच्या. तसाच उभा राहून तो तुझ्याकडे पाहत होता. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, कारण माझी तीच सवय आहे. तुझ्या आईचं तोंड बंद. बाबांचं बंद. मामांचंसुद्धा बंद. कोणी काही बोलत नव्हतं, तरी सोफ्याच्या हातावर तुझं बोट चाललं. एकच शब्द लिहिलास.

‘चालेल.’

तो शब्द ऐकलेला नव्हता. तो तुझा होता. तो वाचला म्हणून घरी येऊन मी पत्र लिहायला बसलो. नाहीतर मुलीच्या मनातलं कळल्याशिवाय मुलाकडून होकार कळवणारा मी नाही. आमच्या घरी सगळे चांगले आहेत, पण माझ्याशी बोलताना ओरडतात, आणि ओरडलेलं ऐकलं की माणसाला आपण काही गुन्हा केला आहे असं वाटतं. तू न ओरडता मला अख्खं घर ऐकवलंस.

बोट तुझं आहे. ठेवायचं तर थांबवून ठेव, त्यात मी बोलणार नाही. पण तो शब्द खोडला असशील तर तसं स्पष्ट कळव. म्हणजे मी पुन्हा सगळ्यांसोबत हसायला आणि टोपी नीट करायला मोकळा.

तुझा,
वामन आजोबा

अमरावती, ६ जानेवारी २०२५

आजोबा,

शब्द ‘उपाय’ आहे. तुमचं पत्र वाचून माझी कानशिलं इतकी तापली की आईने कपाळाला हात लावून पाहिला. मी काय लिहिते ते कोणी वाचत असेल असं मला इतक्या वर्षांत कधी वाटलंच नव्हतं. आता आठवून पाहते आहे की कुठे कुठे, कोणासमोर, काय काय लिहिलं असेल. क्लासच्या संचालकांसमोर तर फार लिहिलं आहे. ते पेंटर नाहीत, एवढंच माझं नशीब.

काल संध्याकाळी मामा त्यांच्या जुन्या टेबलाशी बसले होते. मी चहा ठेवायला गेले तर म्हणाले, बस. मग एकेक सुटा शब्द बोलायला लागले, लहानपणी सांगायचे तसे. ‘पापणी’ म्हणाले. ‘वऱ्हाड’ म्हणाले. ‘गाय’ म्हणाले. मी मूठ वळून बसले होते. मग फडकं हातात घेऊन ते म्हणाले, ‘माफी’. माझं बोट कधी सुटलं मला कळलं नाही. मी लिहिलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. फडकं त्यांच्या हातात होतं, पण त्यांनी टेबल पुसलं नाही.

धारणीहून परत आल्यावर चंदन यांचा फोन आला. नंबर त्यांनी कुठून मिळवला ते सांगत नाहीत, सीमाकाकूंनी आईकडून घेतला असावा. मामांची चप्पल परत करायला येत्या रविवारी येतो म्हणाले. एका चपलेसाठी अकोल्याहून येणार का, असं मी विचारलं. म्हणाले, दोन वेगळ्या चपलांवर पंधरा दिवस जंगलात काढले आहेत, आता कोणत्याही कारणासाठी कुठेही येऊ शकतो.

तो शब्द मी खोडलेला नाही. पण त्यांना सांगू नका.

तुमची,
प्रणाली

अकोला, २४ एप्रिल २०२५

माझे व्याही केशवभाऊ यांना वामन पेंटरचा रामराम.

लग्न झकास झालं. मांडवाच्या दारावरची ‘वऱ्हाडी मंडळींचे स्वागत’ ही पाटी मी इथून रंगवून नेली होती. तुम्ही चष्मा लावून तिच्यासमोर किती वेळ उभे होतात ते मी लांबून पाहत होतो. चूक सापडली नाही म्हणून तुमचा चेहरा उतरला, तेही पाहिलं. चंदनने बोहल्यावर चढताना दोन्ही चपला स्वतःच्याच काढल्या, मी मोजल्या.

पोरीची आम्हाला लगेच माळा लागली. जेवताना ती माझ्या उजव्या बाजूला बसते. डाव्या हाताने ताटाशेजारी लिहीत जाते आणि उजव्याने जेवते. सीमा म्हणते, आता या घरात हळू बोलायची सोय राहिली नाही. चंदन काल पुटपुटला, “भाजीत मीठच नाई.” तेही मी वाचलं आणि मीठ त्याच्याकडे सरकवलं. तेव्हा सगळे हसले, आणि मीही हसलो, सगळ्यांच्या बरोबर, मागून नाही.

पत्र मात्र दुसऱ्याच कारणासाठी लिहितो. निघायच्या वेळी बँड वाजत होता, शकुनबाई रडत होत्या. तुम्ही गाडीजवळ येऊन माझा हात दोन्ही हातांनी धरलात आणि काहीतरी म्हणालात. पोर तेव्हा आईच्या गळ्यात होती, तिचे हात मोकळे नव्हते. मला वाटलं, कधी पोचाल असं विचारता आहात. मी म्हणालो, “दोन वाजेपर्यंत पोचू.” तुम्ही मान हलवली आणि मागे झालात.

गाडी मूर्तिजापूरच्या पुढे आली तेव्हा तिने माझा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि बोटाने लिहिलं. तुमचं बोलणं तिने गळ्यात पडल्या-पडल्या ऐकलं होतं आणि तिथपर्यंत सांभाळून आणलं होतं. ‘तिचा चाळा मोडू नका.’ चाळा, एकवचनी. शेवटच्या शब्दाला बोट थांबलं, तिने डोळे पुसले, आणि मग पूर्ण केलं.

तेव्हा माझं उत्तर चुकलं, केशवभाऊ. तुमच्या धंद्यात चूक छापून गेली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतात ना, तशी ही समजा. ‘दोन वाजेपर्यंत पोचू’ हे खोडावे. त्या जागी ‘नाही मोडणार’ असे वाचावे.

वामन